दीडफुटी शब्द आणि औषधांची फळी

ताई, सप्रेम नमस्कार.

मी तासगावजवळ राहते, औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. बारावीपर्यंत शिकले, सगळं मराठीतून. माझी लेक आठवीत आहे, सेमी इंग्लिशला. तिच्या इंग्रजीच्या मॅडम दर शनिवारी एक अक्षर देतात. ते अक्षर असलेला लांबात लांब इंग्रजी शब्द शोधायचा, फळ्यावर स्पेलिंग लिहायचं आणि अर्थ सांगायचा. क्यू, एक्स, झेड झाले, येत्या शनिवारी वाय आहे. लेक मोबाइलवरून याद्या उतरवून घेते, रात्री उशिरापर्यंत घोकते आणि फळ्यापाशी गेली की अर्ध्यात अडकते. झेडच्या दिवशी तर रडतच घरी आली. त्यात भर माझ्या मोठ्या दिरांची. त्यांनी तिच्याकडून तो २९ अक्षरांचा प्रसिद्ध शब्द पाठ करून घेतलाय, आणि पाहुणे आले की म्हणायला लावतात. अर्थ विचारला की ती गप्प. आता इथे शब्दसंग्रहाचा एक क्लास निघालाय. फी सहा हजार, वर बोटांच्या ठशांवरून मुलीचा कल सांगणारी चाचणी मोफत. घालू का क्लासला? मला स्वतःला इंग्रजी येत नाही, तरी काही मदत करता येईल का? आणि आमचे हे म्हणतात, बोर्डाच्या परीक्षेत या शब्दांचा काडीचा उपयोग नाही, सोडून द्या. खरं आहे का?

एक आई

*

ताई, आधी पैशांचं बोलू. क्लास लावू नका, आणि त्या फुकटच्या चाचणीसाठी लेकीचा हात तर मुळीच पुढे करू नका. बोटांवरच्या रेषांच्या अभ्यासाला डर्मॅटोग्लिफिक्स म्हणतात. हॅरॉल्ड कमिन्स या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९२६ साली हे नाव दिलं आणि अभ्यास म्हणून तो खराच आहे. ठशांवरून माणूस ओळखता येतो. कलकत्त्यात १८९७ साली ठशांचं सरकारी कार्यालय निघालं, तेव्हापासून आपल्याकडचे पोलीस ते काम करत आलेत. पण ठसे बघून मूल पुढे डॉक्टर होणार की चित्रकार, हे सांगण्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. भारदस्त ग्रीक नाव पुढे केलं की आईबाप दबतात, त्यावरच तो धंदा चालतो.

मात्र तो शब्द तेवढा ठेवून घ्या. 'डर्मा' तुम्ही मलमांच्या ट्यूबवर रोज वाचत असाल. डर्मा म्हणजे त्वचा. 'ग्लिफ' म्हणजे कोरणं, कोरलेली खूण. त्वचेवर कोरलेल्या खुणांचा अभ्यास. अक्षरं १५, त्यातलं एकही पुन्हा येत नाही, आणि पोटात वाय आहे. शनिवारसाठी पहिला शब्द क्लासवाल्यांनीच दिला म्हणायचा.

आता लेक अडकते कशामुळे ते बघू. तिची स्मरणशक्ती चांगलीच असणार, नाहीतर २९ अक्षरं तोंडपाठ झाली नसती. पण ती शब्द एकेक अक्षर करून पाठ करते. सुटी पंधरा-वीस अक्षरं एका क्रमाने डोक्यात ठेवायची आणि वर्गासमोर उभं राहून काढायची, हे मोठ्यांनाही जमत नाही. एक अक्षर निसटलं की पुढची सगळी गेली. त्या याद्या करणाऱ्यांनी अमुक अक्षर आहे का आणि शब्द लांब आहे का, एवढंच पाहिलेलं असतं. शब्द आला कुठून आणि त्याचे तुकडे कुठे पडतात, हे यादीत नसतं. लक्षात राहण्यासारखं नेमकं तेवढंच असतं.

मॅडमनी निवडलेली अक्षरं या दृष्टीने फार चांगली आहेत. क्यू, एक्स, झेड, वाय ही इंग्रजीतली बरीचशी पाहुणी अक्षरं. आडनावाच्या शेवटी 'कर' दिसलं की आपण जसं माणसाचं गाव ओळखतो, तसं या अक्षरांवरून शब्दाचं गाव ओळखता येतं. आणि गाव कळलं की निम्मं स्पेलिंग आपोआप सुटतं.

वायचंच घ्या, कारण घाई त्याची आहे. रोमन लोकांच्या वर्णमालेत वाय नव्हता. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ग्रीक शब्द लिहायची गरज वाढली तेव्हा त्यांनी वाय आणि झेड ग्रीकांकडून उचलले आणि उशिरा आले म्हणून रांगेत शेवटी बसवले. एबीसीडीच्या टोकाला ही दोघं का, त्याचं कारण हे. फ्रेंच लोक आजही वायला 'ग्रीक इ' म्हणतात. तेव्हा लांब शब्दाच्या पोटात वाय असेल आणि त्याचा उच्चार 'इ' किंवा 'आय' होत असेल, तर तो शब्द बहुतेक वेळा ग्रीक. एकदा ग्रीक म्हटलं की पुढचे नियम ठरलेले. 'फ' ऐकू आला तर पी-एच लिहा. 'क' ऐकू आला तर सी-एच असण्याची दाट शक्यता. सुरुवातीच्या 'र'नंतर मुका एच. 'स' किंवा 'न'ने सुरू होणाऱ्या शब्दाआधी कधीकधी मुका पी, जसा सायकॉलॉजी आणि न्यूमोनियाला. शब्दाच्या शेवटचा वाय, म्हणजे हॅपी-सिटीमधला, आणि सुरुवातीचा, म्हणजे येलो-यस्टर्डेमधला, यांचा हिशेब वेगळा. ते सध्या बाजूला ठेवू.

क्यूचं गाव लॅटिन, आणि तो यूचं बोट धरूनच येतो. थोडे घरचे शब्दही आहेत. 'क्वीन' आणि 'क्विक' हे अस्सल जुने इंग्रजी शब्द, पूर्वी सी-डब्ल्यूने लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे त्यांच्या लेखनिकांनी आपल्या सवयीने क्यू-यू घातला. पण यू नसलेला एकटा क्यू दिसला तर दिशाच बदलते. मग शब्द बहुधा अरबीतून आलेला. बुरखा, तलाक, कव्वाली, आणि फकीरचं एक स्पेलिंगसुद्धा. हे सगळे इंग्रजी शब्दकोशात आहेत, एकट्या क्यूने. अरबीत 'क' दोन प्रकारचे. आपण दोन्ही एकाच 'क'ने लिहिले, इंग्रजीने घशातल्या 'क'ला क्यू दिला. क्यूच्या शनिवारी कुणी फळ्यावर 'कव्वाली' लिहिलं असतं तर वर्गात काय गंमत आली असती! डब्ल्यू दोनदा येतो, तेवढं जपायचं.

एक्सबद्दल थोडक्यात. सुरुवातीला असून 'झ' म्हटला जात असेल तर ग्रीक. अंकलिपीतल्या चित्रातला झायलोफोन आठवा. झायलो म्हणजे लाकूड, फोन म्हणजे आवाज. शब्द 'एक्स'ने सुरू होत असेल, म्हणजे आधी ई आणि मग एक्स, तर बहुतेकदा लॅटिन, आणि अर्थ 'बाहेर'.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला इंग्रजी येत नाही. ताई, औषधाच्या दुकानात काम करणारी बाई दिवसभरात जेवढे लांब शब्द वाचते तेवढे इंग्रजीचे शिक्षकसुद्धा वाचत नाहीत. फळीवरून चार पट्ट्या खाली काढा आणि ब्रँडचं मोठं नाव सोडून त्याखालचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल. शेपूट एकच, आणि तिन्ही ॲसिडिटीवरची, हे तुम्हाला मी सांगायला नको. टेल्मिसार्टन, लोसार्टन यांची शेपटी एक. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन यांची एक. हे आपोआप झालेलं नाही. मूळ औषधांची जगभर चालणारी नावं जागतिक आरोग्य संघटना ठरवते. अशा नावांची पहिली यादी १९५३ साली निघाली, आणि एका घराण्यातल्या औषधांना एकच शेपूट द्यायची हा त्यातला नियम. (अर्थात शेपटी ओळखता आली म्हणून गोळी सुचवायची नाही, हे तुमच्या मालकांनी तुम्हाला बजावलेलं असेलच. लेकीलाही बजावा.)

झेडच्या दिवशी लेक रडली, म्हणून झेडचीच गोष्ट सांगते. रक्तदाबाच्या गोळ्यांवर हायड्रोक्लोरोथायझाइड हे नाव असतं. अक्षरं १९. घोकायला बसलं तर अंगावर येतं. तोडून बघा. हायड्रो, म्हणजे हायड्रोजन. क्लोरो, म्हणजे क्लोरीन. थाय, म्हणजे गंधक, ग्रीकमधून आलेलं. मग येतं 'अझ', एवढंच झेडचं काम, आणि शेवटी 'आइड' ही रसायनांच्या नावाची ठरलेली शेपटी. तर हे 'अझ' काय? नायट्रोजन. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याच्या काळात नायट्रोजनचं नाव 'अझोत' होतं, फ्रेंचमध्ये अजूनही तेच आहे. नुसत्या नायट्रोजनमध्ये प्राणी जगत नाही, म्हणून 'अ' अधिक 'झोए', म्हणजे जीवन नसलेला. झू, झूऑलॉजी हे त्याच कुळातले. आणि भाषाशास्त्राप्रमाणे ग्रीक 'झोए' आणि आपला 'जीव' एकाच मुळातून निघालेले आहेत, तर तो 'अ'ही आपल्या 'अ'चाच सख्खा. अझोत म्हणजे अजीव.

एवढं एकदा कळलं की फळीवरचा झेड दिसेल तिथे नायट्रोजन शोधता येतो. फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, मेट्रोनिडाझोल, आणि मघाचं पँटोप्राझोलसुद्धा. 'अझोल' म्हणजे नायट्रोजन असलेलं पाच अणूंचं कडं. अझिथ्रोमायसिन कसं झालं? एरिथ्रोमायसिन हे जुनं औषध, त्याच्या कड्यात एक नायट्रोजन घातला आणि नावाच्या पुढे 'अझ' आलं. लेक आठवीत आहे, विज्ञानात मूलद्रव्यांची नावं आणि संज्ञा तिला येतातच. इंग्रजीच्या तासाला विज्ञानातला शब्द चालतो, मॅडम नाही म्हणणार नाहीत.

अजून एक पट्टी काढा. खाजेवर डॉक्टर लिहून देतात ते हायड्रॉक्सिझीन. त्याचं स्पेलिंग सावकाश वाचा. एच, वाय, डी, आर, ओ झाल्यावर एक्स, वाय, झेड हे तिघं एकापाठोपाठ, वर्णमालेत असतात त्याच क्रमाने. मॅडमची तीन शनिवारची तीन अक्षरं एका गोळीत. हा शब्द लेकीला तुम्ही स्वतः पट्टी हातात घेऊन दाखवा. यादीतून मिळालेला शब्द आणि आईच्या दुकानातून मिळालेला शब्द यांत फरक पडतो.

आता दिरांचा तो शब्द. फ्लॉक्सिनॉसिनायहिलिपिलिफिकेशन. दिसतो तितका भयंकर नाही. मुळात ती शाळकरी पोरांची थट्टा आहे. इंग्लंडमधल्या ईटन शाळेच्या लॅटिन व्याकरणात 'कवडीचीही किंमत न देणं' या अर्थाने चालणारे शब्द एका रांगेत दिलेले होते. लोकरीचा पुंजका, क्षुल्लक वस्तू, काहीच नाही, केस. कुणीतरी चारही एकत्र जोडले आणि मागे 'करणं' अशा अर्थाची शेपूट लावली. अर्थ, एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. १७४१ सालच्या एका इंग्रज कवीच्या पत्रात तो सापडतो. २०१२ मध्ये ब्रिटिश संसदेत एका खासदाराने मुद्दाम वापरून दाखवला. तो वापरला जातो तो असाच, मुद्दाम. मराठीत आपण कवडी, कस्पट, तृण, छदाम असे सुटे वापरतो. इंग्रज पोरांनी सगळ्यांची एक मोळी बांधली.

पाहुण्यांसमोर म्हणून दाखवणं मात्र थांबवा. तुम्ही दिरांशी वाद घालू नका, ते तुमच्या यजमानांनी भावाच्या कानावर घालायचं काम आहे. दरम्यान लेकीला एक प्रश्न शिकवून ठेवा. पुढच्या वेळी त्यांनी म्हणायला लावलं की तिने विचारायचं, "काका, या शब्दात ई किती वेळा येतो?" इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं अक्षर ई, आणि या २९ अक्षरांत ते एकदाही नाही. आय मात्र नऊ वेळा. काका मोजत बसतील. तेवढ्यात पाहुण्यांचा चहा होऊन जाईल.

याद्यांमध्ये अजून एक शब्द हमखास असतो, ४५ अक्षरांचा, न्यूमोनोने सुरू होऊन कोनिओसिसने संपणारा फुफ्फुसाच्या रोगाचा. तो डॉक्टरांनी केलेला नाही. शब्दकोड्यांचे शौकीन असलेल्या अमेरिकेतल्या एका मंडळाच्या अध्यक्षांनी १९३५ साली तो केवळ लांबीसाठी बनवला, आणि वर्तमानपत्राने छापला म्हणून पुढे शब्दकोशात गेला. डॉक्टर त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. नऊ अक्षरं. दगडाची बारीक धूळ छातीत बसून होणारा हा रोग मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या आणि खंबातला अकीक घासणाऱ्या कामगारांना झालेला आहे, माणसं गेली आहेत त्यात. मला तरी ४५ अक्षरांच्या शब्दापेक्षा हा छोटा शब्द आणि त्यामागचं कारण आठवीतल्या मुलीला माहीत असणं जास्त मोलाचं वाटतं. फळ्यावर कोणता लिहायचा ते तिचं ती ठरवेल.

तुमच्याकडे दुकानाखेरीज दुसरंही भांडवल आहे. तुम्ही बारावीपर्यंत मराठीतून शिकलात, म्हणजे समास, संधी, उपसर्ग कधीतरी केलेत. लांब इंग्रजी शब्द हे बहुतेक समासच. आणि लॅटिन, ग्रीक, संस्कृत या एका कुळातल्या भाषा आहेत, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात मांडलं आणि पुढच्या अभ्यासाने ते पक्कं झालं. त्यामुळे पुष्कळ तुकडे आपल्याला चेहऱ्यावरून ओळखू येतात. अष्ट आणि ऑक्टो, सप्त आणि सेप्ट, दंत आणि डेंट, पद आणि पेड, जानु आणि जेनू. हायपर म्हणजे आपलं उपरि, हायपो म्हणजे उप. डिसेंट्रीतला 'डिस', वाय असलेला, तो आपला दुस्, दुर्गुण-दुर्दैवातला. पन्नाशीतल्या माणसाला क्विंक्वाजेनेरियन म्हणतात, १५ अक्षरं, क्यू दोनदा. त्यातलं 'क्विंक्वा' म्हणजे पाचाचंच घराणं. इक्विनॉक्स, म्हणजे विषुवदिन, यात क्यूही आणि एक्सही. इक्वि म्हणजे समान, नॉक्स म्हणजे रात्र. दिवसा न जेवता रात्री जेवायचं व्रत असतं त्याला आपण नक्त म्हणतो ना, तेच हे नॉक्स.

आणि लांब शब्दांनाच नावं ठेवणारा एक लांब शब्द आहे, सेस्क्विपिडेलियन. १४ अक्षरं. सेस्क्वि म्हणजे दीड, पेड म्हणजे पाऊल. दीड पाऊल लांबीचा, आपल्या बोलीत दीडफुटी. रोमन कवी होरेसने दोन हजार वर्षांपूर्वी भपकेबाज लिहिणाऱ्या कवींना उद्देशून ही 'दीडफुटी शब्दां'ची टपली मारली होती. इंग्रजीत दीडला सुटा शब्द नाही, 'एक आणि अर्धा' म्हणावं लागतं. आपल्याला दीड आहे, अडीच आहे, साडेतीनला औटसुद्धा आहे. तेव्हा हा शब्द समजून घ्यायला इंग्रज मुलांपेक्षा तुमच्या लेकीला कमी कष्ट पडतील.

अमेरिकेत १९२५ पासून स्पेलिंगची मोठी राष्ट्रीय स्पर्धा होते आणि गेली कित्येक वर्षं भारतीय वंशाची मुलं ती गाजवतात, हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. तिथे शब्द दिल्यावर मुलांना प्रश्न विचारायची मुभा असते. अर्थ काय, मूळ भाषा कोणती, वाक्यात कसा येतो. २०२३ मध्ये देव शाह हा मुलगा जिंकला तो 'सॅमोफाइल' या शब्दावर. ऐकून कुणीही एसने सुरुवात करील. पण शब्द ग्रीक, 'सॅमो' म्हणजे वाळू, म्हणजे आधी मुका पी. 'फाइल' म्हणजे आवड असणारा, तिथे पी-एच. वाळूत वाढणारा जीव. हे नियम वर वायच्या निमित्ताने आपण पाहिलेलेच. ती मुलं घोकतातही भरपूर, नाही असं नाही. पण माइकपुढे अडली की पहिला प्रश्न विचारतात तो शब्दाच्या गावाचा.

तर शनिवारची तयारी. रात्री उशिरापर्यंत नाही, आणि यादी नाही. एक वही करा. डावीकडे शब्द, मध्ये त्याचे तुकडे उभ्या रेघा मारून, उजवीकडे प्रत्येक तुकड्याचा अर्थ मराठीत आणि तोच तुकडा असलेला दुसरा एखादा शब्द. वायसाठी तीन शब्द पुरे. एक डर्मॅटोग्लिफिक्स. दुसरा स्फिग्मोमॅनोमीटर, म्हणजे तुम्ही दुकानात ज्याला नुसतं बीपी मशिन म्हणता ते यंत्र. १६ अक्षरं. स्फिग्मो म्हणजे नाडीचा ठोका, मॅनोमीटर म्हणजे दाब मोजणारं. तिसरा, लांबीत बाजी मारायची असेल तर, हायपरकोलेस्टेरोलेमिया, २१ अक्षरं. हायपर, जास्त. कोलेस्टेरॉल, ओळखीचं. 'एमिया' म्हणजे रक्तात असणं, जसं ॲनिमियात. ब्रिटिश पद्धतीने तिथे ए-ई लिहितात, अमेरिकी पद्धतीने नुसता ई, आणि मग अक्षर एक कमी होतं. मॅडम कोणतं स्पेलिंग धरतात ते लेकीने आधी विचारून घ्यावं, नाहीतर फळ्यापाशी वाद व्हायचा.

फळ्यावर लिहिताना तिने तुकड्यातुकड्याने तोंडाने पुटपुटत लिहावं. 'हायपर' लिहून झालं की श्वास, मग 'कोलेस्टेरॉल', मग शेवट. मध्ये अडली तर अख्खा शब्द पुसायचा नाही, त्या तुकड्याच्या सुरुवातीला परत जायचं. घरी तुम्ही पट्टी किंवा वही हातात धरून तुकडा मराठीत म्हणा, तिने इंग्रजीत लिहावा. "जास्त", "रक्तात". एवढ्याला तुम्हाला इंग्रजी यावं लागत नाही.

खेळ म्हणून अक्षरांचा नाद लागला तर लागू दे, त्यात वाईट काही नाही. स्क्रॅबलमध्ये क्यू आणि झेडला दहा-दहा गुण, एक्सला आठ. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका सामन्यात 'क्विक्सोट्री' या एकाच शब्दाला ३६५ गुण मिळाले होते. अर्थ, व्यवहार सोडून ध्येयाच्या मागे धावणं, पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला घेऊन धावलेल्या, कादंबरीतल्या डॉन किहोते या स्पॅनिश सरदाराच्या नावावरून. घरात कधी सगळे बसलात तर 'फसीशस' द्या, ए, ई, आय, ओ, यू पाचही स्वर एकेकदाच आणि क्रमाने येतात, अर्थ भलत्या वेळी थट्टा करणारा. 'रिदम' द्या, पाचांपैकी एकही स्वर नाही, सगळा भार वायवर. 'बुककीपर' द्या, एकाच अक्षराच्या तीन जोड्या लागोपाठ, ओ-ओ, के-के, ई-ई. हे जेवताना बोलायचं. अभ्यासात धरायचं नाही.

राहिलं यजमानांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. बोर्ड २९ अक्षरांचा शब्द विचारत नाही. पण दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात सुरुवातीलाच एक शब्द देऊन त्यातल्या अक्षरांपासून किमान तीन अक्षरी चार शब्द करायला सांगतात, शब्दसाखळी असते, उपसर्ग-प्रत्यय लावायचे असतात. हा सराव तिला शनिवारच्या खेळातून फुकट मिळतोय. त्या २१ अक्षरी शब्दातून 'हार्ट' निघतो, 'स्कूल' निघतो, 'मिरॅकल' निघतो, चक्क 'केमिस्ट'ही निघतो. यजमानांनाच काढायला बसवा. निबंधात आणि पत्रात मात्र यातला एकही शब्द नको. 'यूज'ने भागतं तिथे मुलं 'युटिलायझेशन' घालायला जातात, मग त्याच्या पुढेमागे वाक्य बसत नाही, क्रियापद चुकतं आणि मार्क तिथे जातात.